दहावं स्टूल

दहावं स्टूल उचलायचं काम भागुबाईचं. तिला ते कुणी नेमून दिलं नव्हतं, पण सवयीचा कायदा सरकारी कायद्याहून कडक असतो. विधाते कुटुंबाच्या, नाशिकजवळच्या अंबडमधल्या शेडच्या फाटकाशी सरकारी माणूस दिसला की आत एका दमात तीन गोष्टी व्हायच्या. सगुणाबाई मशीनवरून उठून डोक्यावर पदर घ्यायची आणि मागच्या खोलीत चहाचं आधण ठेवायला जायची. भागुबाई तिचं स्टूल उचलून पाण्याच्या टाकीमागे न्यायची. आणि सगुणाबाईची धाकटी जाऊ साधना ऑफिसातून येऊन त्या मशीनवर पिवळं प्लास्टिक टाकायची. साहेब आत येईपर्यंत नऊ मशीनं, नऊ स्टुलं, नऊ बाया. साधनाच्या हातच्या हजेरीपत्रकातही नऊच.

मग सगुणाबाई ट्रेमध्ये कपबश्या घेऊन यायची. "या आमच्या वहिनी," तिचा दीर कुंदन म्हणायचा, आणि साहेब अर्धवट उठून नमस्कार करायचे. पाच मिनिटांपूर्वी ही बाई तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळत होती असं त्यांच्या स्वप्नातही येत नसे.

नऊचं प्रकरण साधंच होतं. विजेवर मशीनं चालणाऱ्या जागेत दहा माणसं कामाला असली की ती जागा कायद्यानं कारखाना होते. आणि कारखाना झाला, की भरपगारी रजा, जादा तासांची दुप्पट मजुरी, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, बायकांना सातनंतर काम नाही, असं सगळं वऱ्हाड मागोमाग दारात येतं. नऊवर थांबलं की वऱ्हाडही वेशीवर थांबतं. अंबडमध्ये कॉइलचं वाइंडिंग करणारी निम्मी वर्कशॉपं अशी नऊवर थांबलेली होती. कुंदन काही जगावेगळा लबाड नव्हता. उलट बायांना शनिवारची सुट्टी तो न चुकता द्यायचा, कुणाचं पोर आजारी पडलं तर स्वतःच्या स्कूटरवर दवाखान्यात न्यायचा. फक्त दहावी बाई त्याला परवडत नव्हती, आणि दहावीशिवाय त्याचं चालतही नव्हतं. त्यातून निघालेला तोडगा म्हणजे सगुणाबाई. ती घरची होती. घरच्या माणसाला कोण मोजतं?

खरं तर मोजायचंच झालं तर ती दुसरी होती. एमआयडीसीत तिच्या सासऱ्यांची, भिमाजींची फुलशेती गेली, बदल्यात हा प्लॉट मिळाला, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलानं, गोरक्षनं दोन हातमशीनं आणून ओसरीवर काम सुरू केलं होतं. एकावर तो, एकावर त्याची बायको सगुणाबाई. गजरे ओवणारी बोटं तारेवर बसायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. चौऱ्याण्णवला गोरक्ष काविळीनं गेला, कुंदननं धंदा हातात घेतला, शेड बांधली, मशीनं विजेवर आली, बाया वाढल्या. दुसरं स्टूल मागे सरकत सरकत दहावं झालं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी मात्र बिनसलं. सिंहस्थासाठी सगळं नाशिक खणून ठेवलं होतं, अंबडचा रस्ताही त्यात आला. त्यामुळे सरकारी जीप फाटकापर्यंत आलीच नाही. एक मध्यमवयीन बाई काखेत सरकारी फाइल धरून, चपलांवरची धूळ झटकत चालत आल्या, आणि भागुबाई पुटपुटली, "आल्या गं!"

साधना पिवळं प्लास्टिक घेऊन धावली. भागुबाई स्टुलाशी पोचली. पण स्टुलावर सगुणाबाई बसलेलीच होती. मान खाली, डावा हात बॉबिनवर, उजव्या बोटांतून तार सरसर जात होती.

"ताई!" साधना दबक्या आवाजात म्हणाली. "उठा ना!"

सगुणाबाईनं वर पाहिलं. घाबरलेली नव्हती. साधनानं ते पाहून प्लास्टिक तसंच काखेत मारलं.

"होऊ दे एवढी," ती म्हणाली.

एवढी होईपर्यंत कारखाना निरीक्षक बाई आत आल्या होत्या. त्या नव्या होत्या. आधीचे साहेब दारातूनच मोजायचे, या बाई बोटानं मोजत शेवटपर्यंत गेल्या.

"किती जणी?"

"नऊ," कुंदन म्हणाला.

"मला दहा दिसतात."

"या आमच्या वहिनी, मॅडम. घरच्याच. वेळ जात नाही म्हणून सहज बसतात."

सगुणाबाईनं तार तोडली, टोकाला टेप लावली आणि कॉइल ट्रेमध्ये ठेवली. बाईंनी ती उचलून पाहिली. खालचा थर पाहिला. त्याच्या खालचाही पाहिला.

"सहज बसणाऱ्यांचा हात चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. "किती वाजता बसलात?"

"साडेआठला."

"सुट्टी कधी असते तुम्हाला?"

"लाईट जाते तेव्हा," सगुणाबाई म्हणाली. दोघीतिघी बाया फिसकन हसल्या आणि कुंदनकडे बघून गप्प झाल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कुंदनला बाजूला घेतलं नाही, आवाजही चढवला नाही. "हे बघा विधाते, नातं काय आणि पगार देता की नाही, यात मला शिरायचं नाही. काम करतो तो कामगार. या मालक असतील तर भागीदारीचा कागद दाखवा. कामगार असतील तर हजेरीत नाव दाखवा. पुढच्या गुरुवारी येते. दोन्हींपैकी एक काहीतरी असू द्या."

"चहा तरी घ्या, मॅडम."

"नको," बाई म्हणाल्या. आणि तसंही त्या दिवशी चहा ठेवायला कुणी उरलं नव्हतं.

*

शनिवारी दुपारी कामटवाड्याच्या घरी जेवणं झाली तरी कुणी उठलं नाही. या घरात असं झालं की समजायचं, आता काहीतरी निघणार. सासूबाईंनी, अंबूबाईंनी वालाच्या शेंगा पुढ्यात ओढल्या. भिमाजी मागच्या मोगऱ्यातून आले, पाय धुऊन भिंतीला टेकून बसले. सगळी जमीन गेली तरी अकरा गुंठ्यांचा मोगरा म्हाताऱ्यानं सोडला नव्हता. दत्तजयंतीपासून त्यांनी त्याचं पाणी तोडलं होतं, आणि पानं गाळून उभ्या असलेल्या झाडांमधून ते रोज उगाच एक चक्कर मारत.

"वहिनी," कुंदननं सुरुवात केली, "त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय?" अंबूबाई मध्येच म्हणाल्या. "तार हातात व्हती तिच्या. मधीच सोडली तर अख्खी कॉइल वाया जाती. तुझंच नुकसान वाचवत व्हती ती."

साधनानंही गुरुवारपासून कुंदनला हेच सांगितलं होतं. दोघी सासूसुनांचं इतकं एकमत यापूर्वी कधी झालं होतं ते आठवावं लागलं असतं.

"नाही आई," सगुणाबाई म्हणाली. "मुद्दाम बसले."

शेंगा मोडायचा आवाज थांबला.

"मुद्दाम?" कुंदन म्हणाला.

"उठणार होते. पदर डोक्यावर घ्यायला हात वर गेलाही होता. मग वाटलं, नाही उठलं तर काय होईल ते बघू."

"बघितलं ना? आता गुरुवारी ती बाई परत येतेय."

कुंदनच्या आवाजात रागापेक्षा दमणूक जास्त होती. साधनाला त्याचीही कीव आली. दर महिन्याच्या पाच तारखेला कंपनीला माल द्यायचा, एक दिवस इकडचा तिकडे झाला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात. बाया सहाला गेल्या की उरलेल्या कॉइली सगुणाबाईच पुऱ्या करायची, कधी सात, कधी नऊ. एरवी शनिवारी तर शेडवर ती एकटीच असायची. घरचं माणूस असं हाताशी होतं म्हणून तर पाच तारीख पाळली जात होती. हे साधनाला माहीत होतं. गेली कितीतरी वर्षं ती नऊ नावांपुढे टिका मारत होती, आणि दहाव्या नावाची जागा रिकामी आहे हे तिला दिसत होतं. दिसतं त्याला नाही म्हणायचं, हे तिनं या घरात येऊन शिकून घेतलं होतं.

"मी विचार केलाय," कुंदन म्हणाला. "वहिनींचं मशीन घरी आणू. ओसरीवर बसून करा, निवांत. शेडमध्ये नऊच राहतील. बाईंनी किती वेळा यायचं ते येऊ दे."

"हे बेस," अंबूबाईंना एकदम पटलं. "सुंठीवाचून खोकला गेला. अन् येण्याजाण्याचा तरास बी वाचंल."

"घरी आणलं तर रात्री नऊला तरी उठता येईल का, आई?" सगुणाबाई म्हणाली. "मग तर पहाटे उठल्यापासून समोरच असेल ते."

"मग भागीदार करू," कुंदन जरा थांबून म्हणाला. "कागदोपत्री. वकिलांना विचारलंय मी."

हे ऐकून भिमाजींनी डोळे उघडले. गोरक्षचा वाटा हा विषय या घरात आठ-नऊ वर्षं झाकून ठेवला होता, आणि आज तो असा कायद्याच्या भीतीनं बाहेर निघावा हे त्यांना रुचलं नसावं.

"गोरक्षचं काय ते नुसतं कागदापुरतं व्हनार नाय," ते म्हणाले. "ते खरं व्हईल तवा व्हईल. त्याच्या लेकीला, तेजूला बोलवून व्हईल."

"तेच म्हणते मी, आप्पा," सगुणाबाई म्हणाली. "तो हक्क मी सोडला नाही, पण आज त्याचं बोलणं नको. आज मला मालक व्हायचं नाही. मालकाला तरी कुठे सुट्टी असते? कुंदनभाऊंनाच बघा ना."

कुंदनला हसू आलं, त्यानं ते आवरलं. क्षणभर वाटलं, प्रकरण मिटलं. पण तो मुळात हिशेबी माणूस. हसू आवरता आवरताच त्याला तिसरी वाट दिसली.

"ठीक आहे. नाव लिहू वहिनींचं. पण मग एक बाई कमी करावी लागेल. भागुबाईचे डोळे आता अधू झालेत, तिची कॉइल दोनदा परत आली. तिला थांबवू. म्हणजे वहिनी धरून नऊ. कायदाही खूश, आपणही."

खरंच, बिनतोड होतं. साधनानं सगुणाबाईकडे पाहिलं. इतकी वर्षं हवं असलेलं तिच्यासमोर ताटात वाढून ठेवलं होतं, फक्त ताट भागुबाईच्या पुढ्यातून उचललेलं होतं.

सगुणाबाईचा चेहरा पहिल्यांदा लाल झाला.

"भागुबाई माझं स्टूल उचलते," ती म्हणाली. "दर वेळी. पाठीत उसण भरलेली असताना सुद्धा उचललंय तिनं. तुम्ही कधी तिला सांगितलं होतं का? नाही. घरातल्या बाईची लाज जाऊ नये म्हणून ती उचलायची. आणि माझं नाव लिहायला तिचं खोडायचं? असलं नाव मला नको. राहू दे मग. गुरुवारी उठेन मी, चहा ठेवेन."

"वहिनी, मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"रजा."

"रजाच ना!" कुंदननं दोन्ही हात पसरले. "मग मागायची ना! मी कधी नाही म्हटलं तुम्हाला?"

"'नाही' नाही म्हटलं. 'कशाला' म्हटलं."

कुंदननं पसरलेले हात खाली घेतले.

"तेजू बोलावते," सगुणाबाई सांगू लागली. तिचा आवाज आता खाली आला होता. "जावयांना इगतपुरीला रेल्वेचं क्वार्टर मिळून तीन वर्षं झाली. मी ते अजून पाहिलं नाही. दिवाळीत तुम्हाला म्हटलं, चार दिवस जाऊन येते. तुम्ही म्हणालात, कशाला, काही विशेष? तिला बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे. तर म्हणालात, मग पाच तारीख होऊन जाऊ दे. पाच तारीख झाली, पुढची पाच तारीख आली. चुकीचं नाही बोललात तुम्ही. पण मी मशीनवर बसल्या बसल्या आठवत होते, की मला शेवटची सुट्टी कधी मिळाली."

"तेजूच्या लग्नात व्हतीस की घरी," अंबूबाई म्हणाल्या. "आठ दिस."

"तेव्हा मशीन बंद होतं, आई. चूल चालू होती." ती थांबली. "मोजलं मी. हे गेले तेव्हा तेरा दिवस. चौदाव्याला मी स्टुलावर. नंतर माझी आई गेली, तीन दिवस. मग अण्णा गेला, भाऊ माझा, तेव्हा तीन. एवढंच. माणूस गेल्याशिवाय मला सुट्टी मिळालेली नाही. आता तर असं झालंय की सुट्टी हवीशी वाटली की भीती वाटते. वाटतं, आपण हे कुणाच्या जिवावर मागतोय." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला एक सुट्टी सुतकाशिवायची पाहिजे. बास."

साधना मनातल्या मनात मोजत होती. तेरा, तीन, तीन. प्रत्येक वेळी ती या घरात होती. चौदाव्या दिवशी ओसरीवर चहा, चौथ्या दिवशी हातात डबा, प्रत्येक वेळी सकाळी ताईंना तिनंच दिला होता, आणि काम सुरू झालं म्हणजे दुःख हलकं होतं असंही वर म्हटलं होतं.

अंबूबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. आता त्या रडतील असं साधनाला वाटलं, पण त्या चिडल्या.

"अन् मला कुणी दिली सुट्टी? पहाटे तीनला कळ्या वेचायला जात व्हते मी. याच्या वेळी नववा महिना व्हता," त्यांनी कुंदनकडे बोट केलं, "तरी वेचत व्हते. कुणी इचारलं? अन् आता भिमाजीची सून मजुरात नाव लिवनार? लोकं काय म्हनतील? घरची बाई हाय म्हून लिवत नव्हतो आमी. मान हाय तो! तिला परकी करायची का?"

हे त्या मनापासून बोलत होत्या, हीच तर खरी गोम होती. या घरात सगुणाबाईचं नाव कुणी कंजुषीनं टाळलं नव्हतं. मानानं टाळलं होतं.

"आई, काम तर करतेच ना मी. नाव लिहिलं नाही म्हणून एक कॉइल तरी कमी झाली का?"

"साधना," कुंदन अचानक तिच्याकडे वळला, "तू गेली होतीस ना असोसिएशनच्या त्या व्याख्यानाला? सांग यांना, दहा झाले की काय काय मागे लागतं."

साधनाच्या बी.कॉम.ची या घरात अशी कधीमधी आठवण होत असे. ती उठली, आतून त्या व्याख्यानात मिळालेलं निळं पुस्तक घेऊन आली. तिला ठाऊक होतं, कुंदनला तिनं भीतीची पानं वाचायला हवी होती. तिनं दुसरंच पान काढलं.

"वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं," ती म्हणाली, "की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. ताईंचे गेल्या वर्षी तीनशे वीसच्या वर भरलेत. सोळा दिवस झाले."

"कशावरून? हजेरी कुठेय?"

"डबा मीच भरते ना."

कुंदन तिच्याकडे बघत राहिला. "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

हा प्रश्न कधीतरी येणारच होता. साधनाला वाटलं होतं तो येईल तेव्हा आपली गाळण उडेल. "तुमच्याच," ती म्हणाली. "तुम्ही नऊ-नऊला घरी येता. ताईही तेव्हाच येतात. दोघांचीही भाजी मी परत गरम करते. सातनंतर कुणी बसायचं नाही म्हणाला कायदा, तर तुम्हीही सातला घरी याल. मला तो कायदा वाईट वाटला नाही."

भिमाजी खाकरले. म्हातारा बोलायच्या आधी खाकरला की बाकीच्यांनी थांबायचं, एवढी एक जुनी रीत अजून टिकून होती.

"कुंदन, या महिन्यात मोगऱ्याला किती कळी निगाली?"

"आता कुठली कळी, आप्पा? पाणी तोडलंय ना."

"मग मी आरडलो का झाडावर? म्हनलो का, कशाला पायजे इसावा, तुला काय झालंय?" ते मागच्या दाराकडे बघत होते. "माझ्या बापानं शिकिवलं, झाडाला ताण दिल्याबिगर बहर येत नाय. गप उभं राहू द्यायचं त्याला. पानं गळली तरी भ्यायचं नाय. साठ वर्षं पाळलं मी ते. एक साल चुकवलं नाय." त्यांचा आवाज ओला झाला. "झाडाचं समजलं मला, अन् घरातल्या दोन बायांचं नाय समजलं. हिचं बी नाय," त्यांनी अंबूबाईंकडे मान केली, "नि हिचं बी नाय. लिव तिचं नाव."

"आप्पा, दहा झाले की कारखाना झाला. मग रजा एकट्या वहिनींना नाही, भागुबाईलाही, सगळ्यांनाच. जादा बसवलं तर दुप्पट. लायसन, रजिस्टरं..."

"मग दे. दहा बाया काय पळून चालल्या हायेत?"

कुंदन उठून अंगणात गेला. हौदाशी बराच वेळ उभा राहिला. साधनाला त्याची पाठ दिसत होती. गोरक्ष गेला तेव्हा तो पंचविशीचा होता, आणि वर्कशॉप बुडवलं असं कुणी म्हणू नये या एका भीतीवर त्यानं इतकी वर्षं काढली होती. त्याला सुट्टी द्यायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं, खुद्द त्यालाही नाही.

परत आला तो उंबऱ्यातच थांबला. "कंपनीला सांगावं लागेल, पाचचा माल आठला देतो म्हणून. ऐकतील का नाही, माहीत नाही. नाही ऐकलं तर वर्षभर ओढाताण आहे, सांगून ठेवतो." आणि मग, सगुणाबाईकडे न बघता, "मी 'कशाला' म्हणायला नको होतं, वहिनी."

सगुणाबाईनं मान हलवली. अंबूबाईंनी परात पुन्हा पुढ्यात ओढली. चार शेंगा मोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तेजूला वालाच्या शेंगा आवडत्यात. जाशील तवा घेऊन जा." त्यांच्या बाजूनं एवढंच झालं, आणि ते पुष्कळ होतं.

*

गुरुवारी फाटकाशी बाई दिसल्या तशी भागुबाई ताडकन उठली. दहाव्या स्टुलापाशी गेली, वाकली, आणि मग काय करावं ते न कळून पदरानं स्टुलाचा मोकळा कोपरा पुसून परत फिरली. सगुणाबाई तार ओढत होती. पिवळं प्लास्टिक साधनानं सकाळीच घडी घालून कपाटात टाकलं होतं.

बाईंनी हजेरीपत्रक पाहिलं. दहावी ओळ नव्या शाईची होती. 'सगुणाबाई गोरक्ष विधाते.' त्यांनी परवान्याचा अर्ज कुठे करायचा ते सांगितलं, विश्रांतीची वेळ भिंतीवर लावायला सांगितली, आणि जाताना म्हणाल्या, "आज चहा चालेल." चहा कुंदननं केला. साखर जास्त झाली होती, पण बाईंनी संपवला.

त्या गेल्यावर विसाव्याची अर्ध्या तासाची पहिली सुट्टी झाली. बाया बावचळून शेडच्या पायरीवर जाऊन बसल्या. सगुणाबाई ऑफिसात आली. साधनानं रविवार कारंजावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून रजेच्या अर्जाचे छापील कागद आणून ठेवले होते.

"पंधरा दिवस आधी द्यायचा असतो, ताई. म्हणजे फेब्रुवारीत जाता येईल. किती दिवस लिहू?"

"किती आहेत म्हणालीस?"

"सोळा."

"सोळा लिही." हे म्हणताना तिच्याच अंगावर काटा आला असावा. तिनं दंड चोळले.

साधनानं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या, पत्ता म्हणून इगतपुरीचं रेल्वे क्वार्टर लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं. समोरच्या खुर्चीत कुंदन कंपनीला फोन लावत होता, त्यानं ते पाहिलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"रजेचं कारण असं छापलंय," साधना म्हणाली. "मोकळं सोडलं तरी चालेल, ताई. काही बंधन नाही."

सगुणाबाईनं कागद स्वतःकडे ओढून त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. तारेनं चरे पडलेलं, काळपट झालेलं बोट.

"मोकळं नको," ती म्हणाली. "लिही. घरी सगळे सुखरूप आहेत."